विहिरीवरचं जुनं इंजिन पुन्हा चालतं करताना

पहिलं इंजिन बघायला गेलेला माणूस पोचल्या पोचल्या भाव विचारतो. भाव नंतर. आधी दोन्ही हातांनी चाक धरा आणि फिरवून बघा. पूर्ण फेरा झाला, मध्येच कुठेतरी हाताला दाब लागला आणि चाक उलटं ढकललं गेलं, तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबून धरण्याची ताकद, शाबूत आहे आणि निम्मं काम झाल्यात जमा आहे. चाक नुसतं सूतभर डुगडुगून थांबलं, तर ते बेअरिंगमधलं ढिलेपण. पिस्टन जाम आहे. अजिबातच हललं नाही तरी पाठ फिरवू नका. जाम इंजिनं मोकळी होतात, ते पुढे सविस्तर लिहिलंय. फक्त भाव मग भंगाराचा.

हा लेख एकाच जातीच्या यंत्राबद्दल आहे: एका सिलिंडरचं, पाण्याने थंड होणारं, हँडल मारून सुरू करायचं जुनं डिझेल इंजिन. मोट सुटली आणि वीजपंप यायचा होता, त्या मधल्या काळात महाराष्ट्रातल्या कितीतरी विहिरींचं पाणी याच इंजिनांनी वर काढलं. पिठाच्या गिरण्या आणि गुऱ्हाळाचे चरकही यांच्याच पट्ट्यावर फिरले. वीज आली तसं इंजिन खोपीत गेलं, खोपीवरचे पत्रे उडाले, आणि लोखंडाचा भाव चढला की दर वेळी त्यातली काही टेम्पोत चढतात.

नव्याने या नादाला लागणाऱ्यांना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो. इंजिन आधी चालतं करा, देखणं नंतर. आणि ज्याने ते इंजिन वीस-पंचवीस वर्षं चालवलं तो माणूस हयात असेल तर पाना हातात घ्यायच्या आधी त्याच्याकडे जाऊन बसा.

कोणतं घ्यावं

आपल्याकडे साधारण दोन घराणी सापडतात. एक हळू फेऱ्यांचं, दोन मोठ्या चाकांचं. त्याचा मूळ पुरुष म्हणजे इंग्लंडमधल्या डर्सली गावच्या लिस्टर कारखान्याचं इंजिन. त्यातलं सहा एचपीचं मॉडेल मिनिटाला ६५० फेरे घेतं. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, साडेचार इंच; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, साडेपाच इंच. याच धाटणीची इंजिनं पुढे राजकोटच्या कारखान्यांनी मोठ्या संख्येने बनवली, त्यामुळे याचे सुटे भाग आजही मिळतात. दुसरं घराणं जलद फेऱ्यांचं: मिनिटाला १,५०० फेरे, आकाराने आटोपशीर. किर्लोस्करचं पाच एचपीचं एव्ही-१ हे त्यातलं सगळ्यांच्या ओळखीचं. बोअर ८० मिलिमीटर, स्ट्रोक ११०.

यामागचा इतिहास आपल्याच मातीतला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली ती लोखंडी नांगरासाठी. किर्लोस्कर ऑईल इंजिन्स पुण्यात खडकीला १९४६ साली उभी राहिली. साताऱ्याचा कूपर कारखाना १९२२ सालचा. त्याचे संस्थापक धनजीशहा कूपर १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) झाले. त्यामुळे किर्लोस्कर किंवा कूपर अशी पाटी असलेलं जुनं इंजिन दिसलं, तर थोडं जास्त काम निघत असलं तरी ते घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

शिकण्यासाठी मात्र पहिलं इंजिन हळू फेऱ्यांचंच घ्या. सगळे भाग मोठे असतात आणि डोळ्यांना दिसतात. झाकण काढलं की आत हात जातो. शिवाय काही चुकलं तर ते आवाजातून आधी कळतं. १,५०० फेऱ्यांचं इंजिन बिघडायला लागलं तर तुम्ही लिव्हरपर्यंत पोचेस्तोवर बिघडून झालेलं असतं.

बघताना चार जागा नीट तपासा. पहिली चाकाची. तुंब्याजवळ किंवा आऱ्यांच्या मुळाशी केसाएवढी जरी चीर असली तर ते चाक वापरायचं नाही. वेल्डिंग करून देतो म्हणणारा भेटला तरी नाही. बिडाचं जड चाक फिरता फिरता फुटलं तर काय होतं, ते ज्याने पाहिलंय तो त्यावर बोलत नाही. दुसरी जागा सिलिंडरची आणि हेडची. इंजिन तापल्यावर कुणीतरी त्यावर गार पाणी ओतलेलं असतं, आणि हेड बहुधा त्यातच तडकतं. कपड्याने पुसून, बॅटरीचा उजेड तिरका पाडून बघा. तिसरी, डिझेल पंप, नोझल (आत डिझेलचा फवारा मारणारं तोंड) आणि गव्हर्नरच्या, म्हणजे फेरे काबूत ठेवणाऱ्या यंत्रणेच्या, दांड्या जागेवर आहेत का. पंप आणि नोझल काढून विकलेलीच इंजिनं जास्त भेटतात. चौथी, पायाचे कान. फाउंडेशनच्या बोल्टापाशी बीड तुटलेलं असेल तर दुरुस्ती होते, पण जोखमीची.

आणि हँडल विचारा. इंजिनाबरोबरचं मूळ हँडल बहुतेक वेळा घरात कुठेतरी, दाराला अडसर म्हणून किंवा पहारीबरोबर कोपऱ्यात उभं असतं. ते मागून घ्या. अंदाजाने बनवलेलं हँडल शाफ्टवरून वेळेवर सुटत नाही आणि मनगट मोडतं.

मालक किती आहेत

हा भाग कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. गावाकडची विहीर पुष्कळदा सामाईक असते आणि तिच्यावरचं इंजिनही सामाईक. तीन भावांच्या पाळ्या होत्या; एक भाऊ गावात आहे, एक मुंबईला, तिसऱ्याची मुलं पुण्याला. गावातला भाऊ म्हणतो, घेऊन जा. तुम्ही टेम्पो आणता, आणि इंजिन चढवताना पुण्याहून फोन येतो. माझ्यावर ही वेळ आली आहे. भरलेला टेम्पो रिकामा करून परत आलो, आणि त्या घरात त्यावरून महिनाभर बोलणं बंद होतं. तेव्हापासून मी आधी सगळ्यांशी फोनवर बोलतो, साध्या कागदावर सगळ्यांच्या सह्या घेतो, इंजिनाचा नंबर त्यात लिहितो आणि मगच पैसे देतो. पैसेही सगळ्यांसमोर.

भंगारवाल्याकडून घेत असाल तर पावती घ्या. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी सुटे भाग मिळतात: पाने, ऑईलचे कॅन, कधी नशिबाने पितळी वंगणकुपी. अख्खं इंजिन मात्र रानातच शोधावं लागतं.

उचलून आणणं

दोन चाकांचं सहा एचपीचं इंजिन तीनशे किलोंच्या वर भरतं, आणि त्याचं वजन वरच्या अंगाला असतं. चार तगडी माणसं मिळाली म्हणून हाताने उचलू नका. लोखंडी तिपाई आणि चेन पुली भाड्याने मिळते, ती आणा. शक्य असेल तर चाकं आधी काढा. चाक शाफ्टवर पाचर ठोकून बसवलेलं असतं. पाचरीवर दोन दिवस आधीपासून डिझेल सोडत राहा, मग तिच्या डोक्यामागे पोलादी पाचर घालून हळूहळू ओढून काढा. घणाने चाकावर मारणं हा गुन्हा समजा. टेम्पोत इंजिन लाकडी ओंडक्यांवर बसवून चारही बाजूंनी ताणून बांधा. वाटेत पहिल्या पाच किलोमीटरवर थांबून दोर पुन्हा ताणा. ते सैल झालेले असतातच.

आणण्याआधी त्याच्या जागेवरचे फोटो काढा. पाइप कुठून गेला होता, पट्टा कुठल्या बाजूला होता, पाण्याची टाकी किती उंचीवर होती. नंतर जोडणी करताना ते फोटो पुस्तिकेपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

पाना लावण्याआधी

एक दोनशेपानी वही घ्या. पहिल्या पानावर पाटीवरचा मजकूर अक्षर न अक्षर उतरवा: कंपनी, नंबर, एचपी, फेरे. पाटी काळी पडली असेल तर मऊ कापड आणि थोडं डिझेल, एवढंच. मी एकदा एक इंजिन रंगवायला एका वर्कशॉपात दिलं होतं. त्यांनी मला न विचारता पितळी पाटी काढून बफिंगला लावली, आणि नंबरचे शेवटचे आकडे गेले. ते इंजिन कुठल्या सालचं, हे आता कधीच कळणार नाही. तेव्हापासून इंजिन कुठेही पाठवायच्या आधी मी पाटी काढून घरी ठेवतो.

वहीत पुढे, जसजसं खोलाल तसतसं लिहीत जा. प्रत्येक नट-बोल्ट ज्या भागाचा त्या भागाच्या डब्यात. दुधाच्या पिशव्या आणि सुतळी यासाठी उत्तम. टायमिंगच्या गिअरवर कारखान्याच्या खुणा असतात, एका दातावर ठिपका आणि समोरच्या दोन दातांवर दोन. त्या सापडेपर्यंत गिअर काढू नका, आणि सापडल्याच नाहीत तर स्वतः पंचने खुणा करून मगच काढा. डिझेल पंपाखालच्या पातळ पत्र्याच्या चकत्या मोजून, त्याच क्रमाने ठेवा. त्यावर डिझेल कधी उडायचं ते ठरतं, आणि एक चकती कमी-जास्त झाली तरी इंजिन ठोके देतं.

जाम पिस्टन

बहुतेक नवखे इथे घाई करतात आणि इंजिन मारतात.

पिस्टन जाम होतो तो मुख्यतः रिंगांपाशी. धुराड्यातून वर्षानुवर्षं पावसाचं पाणी आत आलेलं असतं आणि रिंग आणि लायनर (सिलिंडरचं आतलं नळकांडं) गंजाने एकजीव झालेले असतात. हेड काढा. नट एकदम सोडू नका. समोरासमोरचे थोडे थोडे, आळीपाळीने सैल करा. आता वरून सिलिंडरमध्ये डिझेल भरा. त्यात थोडं गिअर ऑईल किंवा पॉवर स्टिअरिंगचं तेल मिसळलं तर उत्तमच. पातळी दोन-तीन बोटं ठेवा, वरून कापड टाका, आणि निघून जा.

दुसऱ्या दिवशी पातळी किती उतरली ते बघा. उतरत असेल तर तेल रिंगांच्या बाजूने झिरपतंय, म्हणजे काम चालू आहे. पुन्हा भरा. चार-पाच दिवसांनी पिस्टनवर बाभळीचा किंवा सागाचा, बोअरपेक्षा थोडासाच लहान गोल ठोकळा ठेवून त्यावर लाकडी हातोड्याने ठोका. जोरात नाही, दार वाजवावं तसं, पण दहा-पंधरा मिनिटं. मग चाक हाताने दोन्ही दिशांना हलवून बघा. आऱ्यांत पहार घालून चाक पिळू नका. आरा तुटतो आणि पिस्टन तिथेच राहतो.

माझ्याकडच्या कूपरने अकरा दिवस घेतले. रोज संध्याकाळी कामावरून आलं की ठोकायचं, चाक धरायचं, काही नाही, पुन्हा तेल. बाराव्या दिवशी सवयीने चाक धरलं आणि ते तांदळाच्या दाण्याएवढं सरकलं. आवाज आला तो अगदी बारीक, कागद फाटल्यासारखा. त्या रात्री मी पुढे काही केलं नाही. तेल भरलं, कापड टाकलं, आणि सकाळी घरातल्या सगळ्यांना बोलावून ते तेवढंसं सरकणं दाखवलं. पूर्ण फेरा व्हायला पुढे तीन दिवस लागले. एकदा सरकलं की ओढून पुढे नेण्याचा मोह होतो, तो टाळा. जेवढं सरकलं तेवढंच मागेपुढे करत, तेल देत वाट मोठी करायची; नाहीतर गंजाचे कण लायनरला ओरखडे पाडतात.

साफसफाई, आणि दोन धोके

सिलिंडरच्या भोवती पाणी फिरतं त्या पोकळीत विहिरीच्या पाण्याचे क्षार थरांनी साचलेले असतात. काही वेळा पोकळी निम्मी बुजलेली असते, आणि मालक सांगतो की हे इंजिन फार तापायचं. दगडी थर आधी तारेने, खिळ्याने सोडवा. उरलेल्यासाठी कोमट पाण्यात सायट्रिक ॲसिड घालून रात्रभर भरून ठेवा, सकाळी भरपूर पाण्याने धुवा. संडास धुवायचं ॲसिड वापरू नका. ते क्षाराबरोबर बीडही खातं.

पहिला धोका जुन्या पॅकिंगचा. हेडचं जुनं गॅस्केट आणि धुराड्यावर गुंडाळलेली पांढरी दोरी यात ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते. कोरडं खरवडू नका, फुंकर मारू नका, हवेचा प्रेशर तर नाहीच. पाण्याने चिंब भिजवा, मास्क लावा, ओलं असतानाच काढून पिशवीत बांधा. दुसरा धोका जुन्या रंगाचा. जुन्या रंगात, विशेषतः तळच्या शेंदरी थरात, शिसं असतं. मशिनने कोरडा घासला तर ती धूळ पोटात जाते. घरात लहान मुलं असतील तर हे काम अंगणातही करू नका.

तळातला चिखल, म्हणजे जुनं ऑईल, गंज आणि माती, पूर्ण काढा. या हळू इंजिनांत मोठ्या बेअरिंगच्या टोकाला पळीसारखा भाग असतो. तो दर फेऱ्याला ऑईलमध्ये बुडून ऑईल उडवतो. पळीचं भोक बुजलेलं असेल तर बेअरिंग कोरडं चालतं. तारेने साफ करा आणि आरपार उजेड दिसतोय याची खात्री करा.

काय मापायचं

नवे भाग मागवण्याआधी मापं घ्या, नाहीतर चांगलं जुनं फेकून हलकं नवं बसवाल. जुन्या बिडाचा दर्जा आज मिळणाऱ्या स्वस्त लायनरपेक्षा पुष्कळदा चांगला असतो.

रिंग सुटी करून लायनरमध्ये सरळ बसवा आणि तिच्या दोन टोकांतली फट फीलर गेजने (पातळ पात्यांच्या मापाने) मोजा. साधारण हिशेब असा की बोअरच्या दर इंचाला तीन ते चार हजारांश इंच. साडेचार इंच बोअरला चौदा ते अठरा हजारांश झाले. वरच्या भागात, जिथे झीज जास्त असते तिथे, आणि खाली, अशी दोन्हीकडे मोजा. फरक मोठा असेल तर नुसत्या रिंगा बदलून उपयोग नाही, लायनरचं काम आहे. क्रँकच्या जर्नलला, म्हणजे बेअरिंग बसतं त्या गोल भागाला, ओरखडे असतील तर ग्राइंडिंग. ही कामं घरी होत नाहीत. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात अशी कामं पिढ्यान्‌पिढ्या करणारे कारागीर आहेत. इंजिनाचं नाव सांगितलं की माप विचारायच्या आधी सांगतात.

व्हॉल्व्ह मात्र स्वतः घासा. लॅपिंग पेस्ट, काठीला लावलेली रबरी वाटी, आणि दोन तळहातांत रवी फिरवावी तशी ती फिरवायची. थोड्या थोड्या वेळाने उचलून जागा बदला. सीटवर सगळीकडून सारखा करडा पट्टा उमटला की झालं. तपासायला हेड उलटं करून वर डिझेल ओता. पाच मिनिटांत थेंबही झिरपला नाही तर व्हॉल्व्ह बसला. पेस्टचा कणही आत राहता कामा नये. व्हॉल्व्हची फट पुस्तिकेत दिली असेल तेवढी, थंड इंजिनावर ठेवा.

डिझेल, पंप, नोझल

टाकीच्या तळाशी पाणी आणि डिंकासारखं झालेलं डिझेल असतं. टाकी काढून धुवा, फिल्टर नवा घाला. पंप आणि नोझल खोलू नका. त्यांचे भाग एकमेकांशी इतके घट्ट जुळवलेले असतात की हाताची धूळसुद्धा चालत नाही. पंप-नोझलचं काम करणाऱ्याकडे द्या आणि नोझलचा फवारा तिथे उभं राहून बघा. फवारा धुक्यासारखा हवा, थेंब ठिबकता कामा नये. फवाऱ्यासमोर बोट कधीही धरू नका. त्या दाबाने डिझेल कातडीतून थेट आत शिरतं. वरून टाचणीएवढी जखम दिसते आणि आतून बोट सडतं. असं झालं तर दुखत नसलं तरी त्याच घटकेला दवाखाना गाठा.

जोडल्यावर डिझेलच्या नळ्यांत अडकलेली एअर काढायची. आधी फिल्टरपाशी नट सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्या, मग पंपापाशी, शेवटी नोझलकडे जाणाऱ्या नळीचं टोक. एअर राहिली तर दिवसभर हँडल मारून खांदे उतरतील, इंजिन बोलणार नाही.

पहिला हँडल

इंजिन भक्कम लाकडी ओंडक्यांच्या चौकटीवर किंवा सिमेंटच्या पायावर बोल्टने आवळलेलं हवं, उघड्यावर हवं. बंद खोलीत नाही, आणि विहिरीत तर कधीच नाही. पंप पाणी खेचतो ते प्रत्यक्षात सहा-सात मीटर खोलीवरून. म्हणून उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की पूर्वी लोक इंजिन विहिरीतल्या कट्ट्यावर उतरवत. धूर विहिरीत कोंडून त्यात माणसं गेलेली आहेत. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो.

ऑईल खुणेपर्यंतच, वर नाही. आपल्या हवेत हळू इंजिनाला ४० नंबरचं एकपदरी ऑईल मी वापरतो. पाण्यासाठी दोनशे लिटरचा ड्रम पुरतो: खालची नळी ड्रमच्या तळातून इंजिनाला, वरची इंजिनाच्या डोक्यावरून चढती ड्रमला. वरच्या नळीचं तोंड ड्रममधल्या पाण्याखाली बुडालेलं पाहिजे, नाहीतर पाणी फिरत नाही.

अंगावर सैल काही नको: उपरणं, ओढणी, पदर, गळ्यातली साखळी. लहान मुलं दहा हात लांब. आणि एक जाड, हवेच्या तोंडापेक्षा मोठी लाकडी फळी हाताशी ठेवा. तिचं कारण असं की क्वचित डिझेल इंजिन स्वतःचंच ऑईल ओढून जाळायला लागतं आणि सुसाट सुटतं. अशा वेळी डिझेल बंद करून ते थांबत नाही. हवा बंद करावी लागते: फळी हवेच्या तोंडावर दाबा, किंवा डिकॉम्प्रेशनची लिव्हर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा धरून कॉम्प्रेशन सोडणारी, टाका. हाताने तोंड झाकू नका.

हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीत गुंडाळू नका. हँडलने उलटा झटका दिला तर अंगठा वाचतो.

आमच्या कूपरच्या पहिल्या सुरुवातीला मी त्याच्या जुन्या चालकाला, तात्यांना, घेऊन आलो होतो. वय ऐंशीच्या वर, ऐकू जरा कमी येतं. मी सरळ हँडल घालायला निघालो तसं त्यांनी थांबवलं. पंपाचा हात चार-पाच वेळा हलवायला लावला आणि स्वतः हेडला हाताचा तळवा लावून उभे राहिले. पाचव्या वेळी नोझलने करकर केलं. तात्या म्हणाले, "आता बोलला. मार." ऐकू कमी येणारा माणूस तो आवाज तळहाताने ऐकत होता. लिव्हर वर, हँडलने चाकाला वेग दिला, सात-आठ फेरे झाले, लिव्हर खाली. एक ठोका, पांढरा धूर, मध्ये इतकी शांतता की बंद पडलं असं वाटलं, मग दुसरा ठोका. तात्यांनी हात काढला नव्हता.

पहिल्यांदा पाच मिनिटं चालवून बंद करा. ऑईल बघा, नट बघा, कुठून काय गळतंय ते बघा. मग पंधरा मिनिटं. पहिलं ऑईल मी पाच-सहा तासांतच काढून टाकतो. त्यात नव्या रिंगांची झीज आणि जुनी घाण दोन्ही येतात. पाणी संपून इंजिन तापलं तर गार पाणी ओतू नका. बंद करून निवू द्या.

कामाला लावा

मोकळं इंजिन तासन्‌तास फिरवत ठेवणं त्याला मानवत नाही. ओझं नसलं की ते पुरेसं तापत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही, धुराड्यातून काळं ओशट गळतं आणि लायनर गुळगुळीत होऊन ऑईल खायला लागतो. पंप, कडबाकुट्टी, छोटा जनरेटर, काहीही जोडा. पुलीचा हिशेब सोपा आहे: इंजिनाचे फेरे गुणिले इंजिनाच्या पुलीचा व्यास बरोबर यंत्राचे फेरे गुणिले यंत्राच्या पुलीचा व्यास. ६५० फेऱ्यांच्या इंजिनावर ३० सेंटिमीटरची पुली आणि पंपावर १५ सेंटिमीटरची, म्हणजे पंपाला १,३०० फेरे मिळतात. यंत्र उलट फिरवायचं असेल तर चपट्या पट्ट्याला आठाच्या आकड्यासारखी तिढी द्या. पट्ट्याभोवती जाळी लावल्याशिवाय कुणालाही जवळ उभं करू नका.

पंप जोडलात तर आधी तळाचा फूट व्हॉल्व्ह, ज्याला शेतकरी सरळ फुटबॉल म्हणतात, तो काढून त्यातली काडी-शेवाळ साफ करा. पाणी चढत नाही म्हणून इंजिनाला दोष देणाऱ्यांपैकी निम्म्यांचा फुटबॉलच गळत असतो.

रंगाबद्दल थोडं. मूळ रंग निम्माअधिक शिल्लक असेल तर त्याला हात लावू नका. डिझेलने पुसा, वाळवा, आणि उकळलेल्या जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या. मूळ छटा उठून येते. विहिरीवर कुणीतरी तारेने बांधून केलेली दुरुस्ती, मालकाने छिन्नीने कोरलेली आद्याक्षरं, घासून चमकलेली हँडलची मूठ हे सगळं राहू द्या. मूळ रंग उरलाच नसेल तेव्हाच नवा द्या, आणि झाकणाखालच्या एखाद्या कोपऱ्यात जुन्या रंगाचा नमुना तसाच ठेवा.

पावसाळ्यात आणि दसऱ्याला

पाऊस सुरू व्हायच्या आधी ड्रम आणि सिलिंडर भोवतालचं पाणी काढून टाका. धुराड्याच्या तोंडावर डबा उपडा घाला. पहिल्या इंजिनांचे पिस्टन जाम झाले ते या एका डब्याअभावी. चाक अशा जागी थांबवा की दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतील, म्हणजे कॉम्प्रेशनचा दाब हाताला लागतो तिथे. पंधरा दिवसांनी लिव्हर टाकून पाच-सहा फेरे हाताने फिरवा आणि पुन्हा त्याच जागी आणा. कोकणात असाल तर आठवड्याला. खारी हवा फार लवकर खाते. उघड्या पोलादी भागांवर ग्रीसचा हात, वर मेणकापड, पण खालून वारा लागेल असं.

खंडेनवमीला इंजिन बाहेर काढा, ऑईल-पाणी भरा, सुरू करा आणि वहीत त्या दिवशीचे तास लिहा. पूजा करताना हळदकुंकू पितळी पाटीवर नको. ते अक्षरांत भरून घट्ट बसतं आणि चार वर्षांत नंबर वाचता येत नाही. शेजारी डिझेलच्या टाकीवर लावा.